ग्रंथपालांना विचारा : उद्घाटन झालं, पुस्तक कुणी उघडलंच नाही

प्रश्न : मॅडम, मी एका विद्यापीठात मुक्त शैक्षणिक संसाधनांचा (ओईआर, म्हणजे कुणालाही मोफत वापरता, बदलता आणि पुढे वाटता येईल असं अभ्यास-साहित्य) समन्वयक आहे. मार्चमध्ये आम्ही मुक्त शिक्षण सप्ताह साजरा केला. मान्यवरांच्या हस्ते उद्घाटन, व्याख्यानं, फ्लेक्स, क्यूआर कोड, संलग्न महाविद्यालयांना परिपत्रक, सगळं यथासांग झालं. संकेतस्थळावर दुव्यांची भली मोठी यादीही टाकली. परीक्षा आली तरी मुलं गाइडच घेऊन बसलेली दिसतात. प्रसारात आम्ही कुठे कमी पडतोय?
— समन्वयक, विदर्भ

उत्तर : सर, कार्यक्रम चांगलाच झाला असणार. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीला फोटो मिळाले, पेपरात बातमी आली. पण मुलाचा त्या फ्लेक्सशी काय संबंध? तो पुस्तकाचं नाव कुठे शोधतो ते आधी बघा. जुलै-ऑगस्टमध्ये तो सरांना नाही तर सीनिअरला विचारतो, ‘कुठलं घेऊ?’ फारच अभ्यासू असला तर अभ्यासक्रमाच्या पीडीएफच्या शेवटी दिलेली संदर्भग्रंथांची यादी चाळतो. या ठिकाणी तुमचं साहित्य नसेल तर त्याच्या लेखी ते नाहीच.

त्या यादीशी माझा नोकरीभर संबंध आला. अभ्यास मंडळानं मंजूर केलेली यादी घेऊन मी अप्पा बळवंत चौकातल्या विक्रेत्याकडे मागणी पाठवायची आणि निम्म्या नावांपुढे ‘आउट ऑफ प्रिंट’ लिहून ती परत यायची. अभ्यासक्रम बदलला तरी यादी तीच, कुणीतरी मागच्या फाइलीतून उचलून डकवलेली. नव्या शैक्षणिक धोरणामुळे सध्या दरवर्षी कुठल्या ना कुठल्या वर्गाचा अभ्यासक्रम नव्यानं लिहिला जातोय. एकदा तो विद्या परिषदेत मंजूर झाला की पुढची काही वर्षं कुणी त्याला हात लावणार नाही. म्हणून व्याख्यानाचा खर्च वाचवा आणि अभ्यास मंडळांच्या अध्यक्षांना गाठा.

त्यांच्याकडे मागायचं ते नेमकं मागा. ‘विद्यार्थ्यांनी पुढील संकेतस्थळे पाहावीत’ या ओळीनं काही होत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीनं २००१ मध्ये आपलं अभ्यास-साहित्य खुलं करायचं जाहीर केलं. आपल्याकडे आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांचा व्हिडिओ-व्याख्यानांचा एनपीटेल प्रकल्प २००३ पासून आहे, ऑनलाइन अभ्यासक्रमांचं सरकारी ‘स्वयम्’ २०१७ पासून आहे, इग्नूचा ई-ज्ञानकोश आणि यूजीसीची ई-पीजी पाठशाला आहे. साहित्याला तोटा नाही. पण प्रथम वर्षाच्या पोराला यांचे दुवे देणं म्हणजे त्याला भल्या पहाटे मार्केट यार्डात उभं करून ‘घे काय हवं ते’ म्हणण्यासारखं आहे. यादीत असं छापून आलं पाहिजे : ‘घटक १, वर्णनात्मक संख्याशास्त्र : ओपनस्टॅक्सचं इंट्रोडक्टरी स्टॅटिस्टिक्स, प्रकरण २.’ घटक आणि प्रकरण शेजारी-शेजारी. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचा फोटो निघत नाही आणि म्हणूनच ते कुणी करत नाही.

ओपनस्टॅक्स म्हणजे अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा प्रकल्प. २०१२ पासून त्यांची पाठ्यपुस्तकं येताहेत : भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि इतर बरीच. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात संख्याशास्त्राच्या मॅडमनी यातलंच ते दुसरं प्रकरण घेतलं. त्यातल्या अमेरिकेतल्या उदाहरणांशी आमच्या मुलांना काही देणंघेणं नव्हतं. मॅडमनी ती काढून टाकली आणि बाजार समितीचे कांद्याचे रोजचे भाव घातले : किमान, कमाल, सर्वसाधारण. वर्गातली बरीच मुलं कांदेवाल्यांचीच. समितीच्या फळ्यावर लिहितात तो ‘सर्वसाधारण’ भाव म्हणजे मध्य, मध्यक की बहुलक, यावर अख्खा तास रंगला. एरवी खिडकीतून बाहेर बघणारा एक मुलगा त्या दिवशी फळ्यापाशी जाऊन वडिलांच्या कांदाविक्रीच्या पट्ट्या वाचून दाखवत होता. हे करायला मॅडमना कुणाची परवानगी काढावी लागली नाही, कारण बदल करून पुन्हा वाटायची मुभा पुस्तकाच्या परवान्यातच दिलेली होती.

याउलट बालभारतीची पुस्तकं घ्या. संकेतस्थळावरून कुणीही उतरवून घेऊ शकतो, एक पैसा लागत नाही. पण आतल्या पानावरची सूचना वाचा : पाठ्यपुस्तक मंडळाच्या संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय त्यातला भाग उद्धृतसुद्धा करता येत नाही. वाचायला मिळणं आणि कापून, जोडून, सुधारून वाटता येणं यांत एवढं अंतर आहे. तुमच्या संकेतस्थळावरच्या यादीत दोन्ही प्रकार एकत्र कालवलेले असतील तर आधी ते वेगळे करा. प्रत्येक नावापुढे परवाना लिहा.

आणखी एक. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर कोहा असो की ई-ग्रंथालय, खुल्या पुस्तकाची नोंद छापील पुस्तकासारखीच तालिकेत (कॅटलॉगमध्ये) करा आणि ८५६ क्रमांकाच्या रकान्यात दुवा भरा, म्हणजे मुलगा ‘स्टॅटिस्टिक्स’ शोधेल तेव्हा ते कपाटातल्या पुस्तकांबरोबरच समोर येईल. कायद्यानं ग्रंथालयाचं नाव ‘ज्ञानस्रोत केंद्र’ झालं आहे, तर त्या नावाला साजेसं हे काम आहे. शिवाय चार-दोन प्रती छापून, स्पायरल करून देवघेवीच्या खिडकीत ठेवा. डेटा पॅक संपलेला मुलगा क्यूआर कोड स्कॅन करत नाही, तो समोर दिसतं ते उचलतो. आमच्याकडे कागदावरची ती प्रत विकत घेतलेल्या इंग्रजी संदर्भग्रंथापेक्षा जास्त फिरली. कोपरे झिजले म्हणून पुन्हा बांधून घ्यावी लागली.

प्रश्न : मॅडम, टेलिग्रामवर सगळी पुस्तकं फुकट मिळतात. मग हे ओईआर वगैरे कशाला?
— बी. कॉम. दुसरं वर्ष, श्रीरामपूर

उत्तर : मिळतात, मला ठाऊक आहे. माझ्या भाच्याच्या फोनमध्येही आहेत. ते कायद्यात बसत नाही हे तुलाही माहीत आहे, म्हणून उपदेश करत नाही, अडचण सांगते. ती फाइल तुझे सर वर्गात उघडपणे वापरू शकत नाहीत, कॉलेज यादीत घालू शकत नाही, जुन्या आवृत्तीतला कराचा दर कुणी सुधारून देऊ शकत नाही आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तो चॅनेल गायब झाला तर तक्रार कुणाकडे करणार?

तुझ्या विषयासाठी एक इशारा. अकाउंटिंगवरची परदेशी खुली पुस्तकं तुला फार उपयोगी नाहीत, त्यांचे कर वेगळे आणि ताळेबंदाचे नमुनेही वेगळे. इग्नूच्या ई-ज्ञानकोशातले वाणिज्याचे घटक बघ. सीएच्या संस्थेचं अभ्यास मंडळही आपलं साहित्य संकेतस्थळावर मोफत ठेवतं, ते जड आहे पण अद्ययावत असतं. मराठीतून वाचायचं असेल तर ग्रंथालयात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पुस्तकं माग. शिक्षक समोर नाही असं धरूनच ती लिहिलेली आहेत.

प्रश्न : ताई, मी राज्यशास्त्र शिकवते. मुलांची सोय म्हणून माझ्या नोट्स पीडीएफ करून वर्गाच्या ग्रुपवर टाकल्या. आमच्या गावातल्या एका क्लासनं माझं नाव काढून, वर स्वतःचा लोगो टाकून त्या विकायला काढल्या. सहकारी म्हणतात, ‘बघ, म्हणूनच काही खुलं करू नये.’ मला तर आता कुणाला काही द्यावंसंच वाटत नाही.
— प्राध्यापिका, लातूर जिल्हा

उत्तर : राग येणं साहजिक आहे. पण तुमच्या सहकाऱ्यांचं निदान चुकलंय. तुमच्या नोट्स खुल्या नव्हत्या, त्या नुसत्या मोकाट सोडलेल्या होत्या. आपल्याकडे स्वामित्व हक्कासाठी (कॉपीराइटसाठी) नोंदणी लागत नाही, लिहिलं की हक्क निर्माण होतो. तेव्हा त्या क्लासनं केलं ते उल्लंघनच आहे. मूळ फाइल आणि ती ग्रुपवर टाकल्याची तारीख जपून ठेवा आणि वकिलामार्फत एक नोटीस जाऊ द्या. असली मंडळी बहुधा नोटिशीपाशीच थांबतात.

पुढच्या वेळी क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लावा. २००२ पासून हे परवाने जगभर वापरात आहेत आणि त्यांच्या अटी मोजून चार : श्रेय द्या, बदललंत तर त्याच अटींवर पुढे द्या, धंद्यासाठी वापरू नका, बदल करू नका. यांची जुळणी करून सहा परवाने होतात. श्रेयाची अट सहाही परवान्यांत असते. तुमची जखम ताजी आहे, तेव्हा ‘धंद्यासाठी नको’ हीच अट तुम्हाला हवीशी वाटेल. एमआयटीनंही ती घातलेली आहे. मी स्वतः ‘श्रेय द्या आणि त्याच अटींवर पुढे द्या’ एवढ्यावर थांबते. मग क्लासवाल्यानं विकलं तरी तुमचं नाव छापावं लागतं, आणि विकत घेतलेली प्रत कुणीही झेरॉक्स करून वाटू शकतो. त्याच्या धंद्यातली हवा तिथेच जाते. विकिपीडियाही याच परवान्यावर चालतो. ‘बदल करू नका’ ही अट मात्र शिक्षकानं कधी लावू नये असं माझं मत आहे. दुसऱ्या कॉलेजातल्या मॅडमना तुमच्या नोट्समध्ये त्यांच्या जिल्हा परिषदेचं उदाहरण घालता आलं नाही, तर मग उपयोग काय?

दोन गोष्टी सही करण्याआधी जाणून घ्या. दिलेला परवाना ज्यांनी साहित्य घेतलं त्यांच्याकडून परत घेता येत नाही. आणि नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा ठरू शकतो. स्वामित्व हक्क कायद्याचं सतरावं कलम तेच सांगतं. तेव्हा प्राचार्यांकडून दोन ओळींचं संमतीपत्र घेऊन फाइलीला लावा. नोट्समध्ये वर्तमानपत्रातली व्यंगचित्रं किंवा कुणाच्या अॅटलासमधले नकाशे असतील तर तेही काढा. तुमचे नसलेले हक्क तुम्ही कसे देणार?

नाव पहिल्या पानावर घालून भागत नाही, कारण पहिलं पान फाडलं जातं. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात नाव, कॉलेज, वर्ष आणि परवाना येऊ द्या. दुसऱ्याचं साहित्य वापरलं असेल तर असं लिहायचं : ‘मूळ : अमुक पुस्तक, प्रकरण २, अमुक लेखक. परवाना : सीसी बाय ४.०. बदल : उदाहरणे बदलली, मराठी अनुवाद केला.’ (‘सीसी बाय’ म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचा फक्त श्रेयाची अट असलेला परवाना.) बदलांची ती शेवटची नोंद लोक हमखास विसरतात.

आता खरं दुखणं, जे तुम्ही विचारलेलं नाही. तुमची फाइल श्रीलिपी किंवा सुरेखसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे का? बहुतेक असेल. डीटीपीवाल्याकडे अजून तेच चालतं. दिसायला पीडीएफ सुरेख, पण त्यातून ‘राज्यघटना’ शोधा, काही सापडणार नाही. कॉपी करून वर्डमध्ये टाका, नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. असं साहित्य परवान्यानं खुलं आणि व्यवहारात कुलूपबंद. ना सर्च चालतो, ना दृष्टिहीन मुलाचं स्क्रीन रीडर ते वाचू शकतं, ना दुसऱ्या शिक्षकाला सुधारता येतं. विद्यापीठांची जुनी दूरशिक्षणाची पुस्तकं अशी शेकड्यांनी पडून आहेत. फॉन्ट रूपांतर करणारी साधनं मिळतात. त्यातून मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही फोनवर, संगणकावर वाचता-शोधता येणाऱ्या अक्षरसंकेतात) आणा, जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला (तिथेच ती साधनं हमखास घसरतात) आणि पीडीएफसोबत मूळ वर्ड फाइलही ठेवा. ‘मुक्ता’सारखे फॉन्ट मोफत आहेत, फोनवर ठळक दिसतात.

प्रश्न : असं साहित्य तयार केल्याचा बढतीला काही उपयोग होतो का?
— सहायक प्राध्यापक, सांगली

उत्तर : प्रामाणिक प्रश्न, आवडला. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत ई-साहित्याला गुण आहेत. पूर्ण पेपरचं फोर-क्वाड्रंट (व्हिडिओ, वाचायचा मजकूर, चर्चा आणि चाचणी अशा चार भागांचं) साहित्य केलं तर १२. मात्र तिथे परवाना कुठला, हे कुणी विचारत नाही. साहित्य कुलपात ठेवा की खुलं करा, गुण तेवढेच. विद्यापीठाला खरंच प्रसार करायचा असेल तर खुल्या साहित्याला आपल्याकडून काही जास्तीचं द्यावं. त्यासाठी वरच्या समन्वयक सरांनी विद्या परिषदेत एक ठराव मांडायला हरकत नाही.

प्रश्न : इंग्रजी खुली पुस्तकं गुगल ट्रान्सलेटमध्ये घालून मराठी करून ठेवली तर? आमचे विभागप्रमुख म्हणतात महिनाभरात वीस पुस्तकं होतील.
— एम. एस्सी.ची विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : होतील की. वाचणार कोण?

आधी परवाना पाहा. बदलाला मनाई असेल तर अनुवादही चालत नाही. मुभा असेल तर यंत्राचा मसुदा घ्या, माझी ना नाही, पण तो मसुदाच धरा. मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प मराठीतही शिकवण्या देतो : लिबरऑफिस, लेटेक, पायथन असे विषय. तिथे आधी लिखित संहिता होते आणि विषय न जाणणाऱ्या नवख्या माणसाला ती समजते का हे तपासलं जातं. तुमच्याकडे नवखे आयतेच आहेत, प्रथम वर्षाची मुलं. एक प्रकरण त्यांच्यापुढे ठेवा आणि अडलं तिथे पेन्सिलनं खूण करायला सांगा. संज्ञा दहावीपर्यंत बालभारतीनं वापरल्या त्याच ठेवा. त्यापुढे भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत.

सगळंच नव्यानं करायलाही नको. कोलोराडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाची विज्ञानाची सिम्युलेशन्स मराठीत आहेत, उतरवून घेतली की इंटरनेटशिवायही चालतात. अभियांत्रिकीच्या मुलांसाठी एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेनं मराठीसह भारतीय भाषांत पुस्तकं काढली आहेत, ती ई-कुंभ पोर्टलवर मिळतात. आणि विभागप्रमुखांना गोव्याचं उदाहरण सांग. गोवा विद्यापीठानं २०१३ मध्ये आपल्या कोंकणी विश्वकोशाचे चारही खंड क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केले. नवं काही लिहिलं नाही, जे कपाटात होतं त्याचा परवाना बदलला. तुमच्या विभागातही जुन्या कार्यशाळांच्या पुस्तिका, प्रयोगवह्या, क्षेत्रभेटींचे अहवाल धूळ खात असतील. वीस अनुवादांऐवजी त्यातलं एक आधी बाहेर काढा.

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझं कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. मुलं पुस्तकं घेऊन येतात, प्राध्यापकही प्रकरणं काढून ठेवायला सांगतात. मध्ये कुणी म्हणालं की केस होऊ शकते. मी काय करावं? आणि ते नेटवरचं खुलं पुस्तक छापलं, पैसे घेतले, तर चालतं का?
— दुकानदार, बार्शी

उत्तर : दादा, या अंकातला सगळ्यात कामाचा प्रश्न तुमचा. मुलांपर्यंत पुस्तक शेवटी तुमच्याच काउंटरवरून जातं. विद्यापीठाच्या कुठल्या समितीवर तुम्हाला बोलावत नाहीत एवढंच.

केस खरंच झाली होती, दिल्लीत. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानावर आणि विद्यापीठावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र बांधून दुकानदार मुलांना देत होता. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं निकाल प्रकाशकांच्या विरोधात दिला. डिसेंबरमध्ये खंडपीठानंही तत्त्व मान्य केलं : शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं काढलेल्या प्रतींना कायद्याच्या ५२व्या कलमात सूट आहे, आणि त्याला पानांची ठरावीक टक्केवारी लावलेली नाही. शिकवण्यासाठी जेवढं गरजेचं तेवढं. पुढे २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

याचा अर्थ अख्खं गाइड काढून गठ्ठ्यानं विकायला मोकळीक मिळाली असा नाही. प्राध्यापकांनी प्रकरणं काढायला सांगितली तर त्यांच्याकडून विषय, वर्ग आणि प्रकरणं लिहिलेली चिठ्ठी घ्या आणि ती एका फाइलीत लावून ठेवा.

खुल्या पुस्तकाचं तर तुम्हाला भ्यायचं कारणच नाही. ‘सीसी बाय’ (फक्त श्रेय द्या) किंवा ‘सीसी बाय-एसए’ (श्रेय द्या आणि त्याच अटींवर पुढे द्या) लिहिलं असेल तर छापा, बांधा, तुमचे पैसे घ्या. ‘एनसी’ लिहिलेलं असेल तिथे धंदेवाईक वापराला मनाई आहे. अशाच साहित्याच्या प्रती शाळांना काढून दिल्या म्हणून अमेरिकेत फेडेक्सच्या झेरॉक्स दुकानांवर खटला झाला होता. २०१८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं दुकानाच्या बाजूनं निकाल दिला : शाळेनं स्वतःच्या वापरासाठी सांगितलेली प्रत काढून देणं हा शाळेचाच वापर झाला. आपल्या कोर्टाला तो निकाल बांधील नाही, तरी एनसी असेल तर मागणी आली तेवढ्याच प्रती काढा, स्वतः छापून टांगून विकू नका.

परवान्याचं पान सुरुवातीलाच असतं. ते इंग्रजीत आहे, कुणी वाचत नाही, म्हणून गाळू नका. त्या पानामुळेच तुमचं छापणं कायदेशीर ठरतं. आणि ही पुस्तकं सातशे-आठशे पानांची असतात, पूर्ण काढली तर मुलाला परवडत नाही. कॉलेजच्या ग्रंथपालांकडून घटकवार प्रकरणांची यादी मागून घ्या, तेवढीच प्रकरणं पाठपोट काढा आणि बांधायला स्पायरलऐवजी साधी पट्टी लावा, तेवढाच मुलाचा खर्च वाचेल.